बेडूक घरी आणण्याआधी

जून सरत आला आणि पहिला दणक्याचा पाऊस झाला की आमच्या शाळेतली पोट्टी बाटल्या घेऊन येतात. कोल्ड्रिंकची दोन लिटरची बाटली, वरून कापलेली, आत गढूळ पाणी आणि त्यात वळवळणारे काळे ठिपके. कुणी रनाळ्याकडच्या डबक्यातून आणलेले असतात, कुणी मौद्याच्या मामाच्या धानाच्या बांधीतून. कधी बाटलीऐवजी डबा असतो, झाकणाला खिळ्यानं पाडलेली भोकं, आणि आत डोळे वटारून बसलेला पूर्ण वाढीचा बेडूक. प्रश्न ठरलेला. "मॅडम, पाळून राहिलो याला. खाऊ काय घालायचं जी?"

मी कामठीत जीवशास्त्र शिकवते. या प्रश्नाला माझ्याकडे पूर्वी एका ओळीचं उत्तर असायचं, की जिथून आणला तिथं सोडून ये. ते उत्तर आजही खरं आहे, पण तेवढ्यानं भागत नाही. कारण आता बेडूक फक्त बांधीतून येत नाहीत. नागपूरच्या मत्स्यालयांच्या दुकानांत पांढरे बेडूक मिळतात, मोबाइलवर लाडवासारखे गोल, हिरवे बेडूक दाखवणारे व्हिडिओ येतात, आणि ते कुठून मागवायचे हेही पोरांना आपल्याआधी कळलेलं असतं. आमच्या घरातही दोन बेडूक असेच आले. त्यांच्या पायी जे शिकायला मिळालं ते पुस्तकात होतंच, पण पुस्तक कामठीत लिहिलेलं नव्हतं. ४६ अंशांचा मे, खिडकीतला कूलर, नळाचं पाणी आणि संध्याकाळी येणारी धुराची गाडी यांचा उल्लेख त्यात कुठून असणार?

आधी कातडीबद्दल बोलते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. बेडूक तोंडानं पाणी पीत नाही. पोटाखालच्या आणि मांडीच्या पातळ कातडीतून तो ते शोषून घेतो. श्वासाचा बराच भागही कातडीतूनच चालतो. माठ पाझरतो म्हणून आतलं पाणी गार राहतं. बेडकाची कातडी तशीच पाझरते, फक्त दोन्ही बाजूंनी. आतलं बाहेर जातं तसं बाहेरचंही आत येतं. कुत्र्याला फिनाइलचा वास येतो, बेडकाच्या अंगात फिनाइल जातं. हा फरक ज्याला पटला त्याला बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत. हाताला साबण, क्रीम किंवा ओडोमॉस लागलेला असेल तर बेडकाला हात का लावायचा नाही, कोरड्या हातानं का उचलायचं नाही, टाकी डिटर्जंटनं का धुवायची नाही, हे सगळं त्यातूनच निघतं.

आता बांधीतल्या बेडकाबद्दल. पहिल्या पावसात लिंबासारखा पिवळाधमक होणारा, गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळे फुगे फुगवणारा मोठा बेडूक तुम्ही पाहिला असेल. २०२० च्या पावसाळ्यात मध्य प्रदेशातल्या नरसिंहपूरचा त्याचा व्हिडिओ देशभर फिरला आणि लोकांना वाटलं, हे काही परदेशी प्रकरण आहे. तो आपलाच, गावोगावचा. नर विणीच्या थोड्या दिवसांपुरता पिवळा होतो आणि मग पुन्हा शेवाळी. एके काळी त्याच्या तंगड्या आपल्या देशातून हजारो टनांनी परदेशी हॉटेलांत जात. १९८५ साली तो आंतरराष्ट्रीय व्यापार-कराराच्या, म्हणजे सायटिसच्या यादीत आला आणि १९८७ साली भारतानं ही निर्यातच बंद केली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तो संरक्षित आहे. पकडून घरात ठेवणं हा गुन्हा आहे. मी स्वतः बारावीला मेणाच्या ट्रेवर टाचण्यांनी ताणलेला बेडूक फाडला आहे, सगळ्यांनीच फाडला आहे. तो काळ गेला हे बरं झालं.

कायदा बाजूला ठेवला तरी नवशिक्याला कोणता बेडूक कोणता हे ओळखता येत नाही. अंगणातला खरखरीत पाठीचा भेक, पाण्यावर टप्पे घेत पळणारा छोटा बेडूक, बाथरूमच्या भिंतीला चिकटणारा झाडबेडूक, मातीत पुरून घेणारे गोलमटोल बेडूक, प्रत्येकाचं घर वेगळं, खाणं वेगळं. पोरं सगळ्यांना एकाच डब्यात टाकतात. बाटलीतल्या बेडूकमाशांचंही तसंच. मोठ्या बेडकाची पिल्लं मांसाहारी असतात. संध्याकाळी गच्च भरलेली बाटली सकाळी निम्मी रिकामी दिसते तेव्हा पोरांना वाटतं, कुणीतरी चोरले. चोर आत बसलेला असतो, चांगला जाडजूड होऊन.

आणि पावसाने ताण दिला की धोंडी निघते. मुसळाला बेडूक बांधून, कडुलिंबाचा पाला लावून दारोदारी पाणी मागत फिरायचं. लहानपणी मीही त्या घोळक्यात होते. पण भर उन्हात टांगलेल्या त्या जिवाचं काय होतं ते वरचं कातडीचं प्रकरण वाचल्यावर सांगायला नको. आमच्या गल्लीतल्या पोट्ट्यांना मी मातीचा बेडूक करायला लावते. पाऊस त्यालाही तितकाच येतो किंवा येत नाही.

भाचा सहावीत होता तेव्हा भावानं त्याला नागपूरहून एक छोटी काचेची टाकी, काही गप्पी आणि दोन पांढरे बेडूक आणून दिले. अंगठ्याएवढे, गुलाबी डोळ्यांचे. दुकानदार म्हणाला होता, "कुछ नहीं लगता भैया, मछली का दाना ही खाते हैं, इतने ही रहते हैं." पहिली दोन विधानं अर्धी खरी होती. तिसरं साफ खोटं. महिन्याभरात गप्पी कमी होऊ लागल्या आणि वहिनीनं शेजारच्या मांजरीवर आळ घेतला. झाकण लावलं, तरी गप्पी कमीच होत गेल्या. शेवटी भाच्यानं मला वर बोलावलं, "आत्या, हा बघ, याच्या तोंडातून शेपूट बाहेर आलंय."

तो आफ्रिकेतला नखांचा बेडूक होता, झेनोपस. पांढरा रंग हा माणसानं जोपासलेला वाण, मूळचा तो मातकट. त्याला जीभ नसते, पापण्या नसतात, मागच्या पायांच्या तीन बोटांना काळी नखं असतात. आयुष्यभर पाण्यातच राहतो आणि तोंडात मावेल ते पुढच्या दोन्ही हातांनी आत लोटतो. मादी हाताच्या पंज्याएवढी होते, नर तिच्या निम्मा. आणि तो पंधरा वर्षं सहज जगतो. सहावीतल्या मुलाला पंधरा वर्षं म्हणजे काय ते कळत नाही, पण त्याच्या आईबापाला कळायला हवं. पोरगा पुण्याला इंजिनिअरिंगला जाईल आणि बेडूक इथंच राहील. दुकानात इतर नावांनी मिळणारेही कमी जगत नाहीत. दक्षिण अमेरिकेतला गोल, मोठ्या तोंडाचा पॅकमॅन दहा-बारा वर्षं, ऑस्ट्रेलियातला हिरवा झाडबेडूक त्याहून जास्त.

या पांढऱ्या बेडकाचा इतिहासही मजेशीर आहे. १९३० च्या दशकात लॅन्सेलॉट हॉग्बेन या शास्त्रज्ञाच्या कामातून असं कळलं की गरोदर बाईच्या लघवीचं इंजेक्शन याच्या मादीला दिलं तर ती काही तासांत अंडी घालते. पट्टीवर दोन रेषा यायच्या कितीतरी आधी जगभरच्या इस्पितळांत ही गोड बातमी बेडकीनं दिलेली आहे. त्या कामासाठी दक्षिण आफ्रिकेतून हे बेडूक देशोदेशी गेले, मग काही सुटले, काही सोडले गेले. आज फ्रान्स, पोर्तुगाल, सिसिली, चिली, कॅलिफोर्निया इथल्या तळ्यांत ते उपरे होऊन बसले आहेत आणि तिथलं मूळचं सगळं खात आहेत.

म्हणून गप्पी संपल्यावर भाऊ जेव्हा म्हणाला, "कन्हानमध्ये विसर्जन करून टाकू, सुटले बिचारे", तेव्हा मी दोन्ही बेडूक खालच्या मजल्यावर माझ्याकडे आणले. कोलार आणि पेंच या दोन्ही नद्या कामठीजवळ कन्हानला मिळतात. त्यात काही सोडलं तर ते कुठंवर जाईल हे कुणी सांगू शकत नाही. आणि यात परदेशी-देशी असा अभिमानाचा प्रश्न नाही. आपला बांधीतला सज्जन पिवळा बेडूक अंदमानात पोचला आणि तिथं तोच उपद्रवी ठरला आहे. आपला अंगणातला भेक मादागास्करच्या एका बंदरात उतरला आणि तिथल्या प्राण्यांना त्याचं विष झेपेना. जागा बदलली की स्वभाव तोच, परिणाम वेगळा.

सोडण्यात दुसरा धोका रोगाचा. कायट्रिड नावाची एक बुरशी बेडकाच्या कातडीवर वाढते. कातडी जाड होते, क्षारांची ये-जा थांबते आणि हृदय बंद पडतं. या बुरशीची शास्त्रीय ओळख १९९९ साली पटली. २०१९ सालच्या जागतिक आढाव्यात तिच्यामुळे उभयचरांच्या ५०१ जाती घटल्याचं आणि त्यांतल्या ९० नामशेष झाल्याचं मानलं गेलं. ती पसरली ती मुख्यतः माणसानं प्राणी इकडून तिकडे नेल्यामुळे. पश्चिम घाटातल्या बेडकांवरही ती सापडली आहे. तेव्हा दुकानातून आणलेल्या बेडकाच्या टाकीतलं पाणी नाल्यात, विहिरीत, तळ्यात ओतायचं नाही. मी ते गच्चीवर तापलेल्या फरशीवर ओतते. पूर्ण वाळलं की ही बुरशी टिकत नाही, आणि वाळवण्याच्या बाबतीत कामठीच्या गच्चीला तोड नाही. पावसाळ्यात मात्र ब्लीचिंग पावडर घालून काही तास ठेवावं लागतं, मग संडासात. नवा बेडूक आणलात तर जुन्यापासून महिनाभर तरी वेगळा ठेवा, वेगळी जाळी, वेगळा मग.

आता पाणी. आपल्या नळाला क्लोरीनचं पाणी येतं आणि पावसाळा सुरू होताना, नदीला गढूळ लोंढा आल्यावर, त्याचा वास पेल्यातसुद्धा येतो. तो क्लोरीन बेडकाच्या कातडीला भाजतो. उघड्या बादलीत पाणी दिवसभर ठेवून मग वापरायचं, घाई असेल तर मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारे अँटी-क्लोरीनचे थेंब घालायचे. आरओचं पाणी शुद्ध म्हणून घालू नका. त्यात क्षार जवळजवळ नसतात आणि बेडकाच्या अंगातले क्षार बाहेर ओढले जातात. आरओच्या दुसऱ्या नळीतून येणारं टाकाऊ पाणी त्याहून वाईट, ते खारट असतं. बोअरच्या पाण्यात क्लोरीन नसतो, पण शेताजवळ बोअर असेल तर खतांचं काय काय उतरलेलं असतं. पाणी नितळ दिसतं म्हणजे ते चांगलं, हे तर अजिबात नाही. बेडकाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. तो दिसत नाही. टाकीतले उपयोगी जिवाणू त्याला हळूहळू कमी घातक रूपात बदलतात, पण ते स्थिरावायला चारसहा आठवडे लागतात. बेडूक आणि टाकी एकाच दिवशी विकत घेणं म्हणूनच चुकीचं. टाकी आधी, बेडूक महिन्यानंतर. आठवड्यातून एकदा तिसरा हिस्सा पाणी बदला. सगळं पाणी एकदम बदलून टाकी चकचकीत करण्याची आपल्याकडे जी हौस आहे, तिनं ते जिवाणू मरतात.

उन्हाळ्याबद्दल मी जरा सविस्तर सांगते, कारण परदेशी पुस्तकांत आणि व्हिडिओंत सगळी चर्चा बेडकाला ऊब कशी द्यायची याची असते. आपला प्रश्न उलटा. झेनोपसला २० अंशांच्या आसपासचं पाणी मानवतं, पॅकमॅनला हवा २५ ते २८. तिशी ओलांडली की दोघेही संकटात. वरच्या मजल्यावर स्लॅबखालच्या खोलीत मे महिन्यात टाकीतलं पाणी दुपारी कोमट व्हायचं. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो, बेडूक सारखे वर येऊन हवा घेतात, खाणं सोडतात.

मला जे उपयोगी पडलं ते असं. टाकी तळमजल्यावर, उत्तरेच्या भिंतीला, उन्हाची तिरीपही येणार नाही अशा जागी. वर काचेचं झाकण नको, जाळी हवी, आणि छोटा पंखा पाण्याच्या पृष्ठभागावरून वारा नेईल असा लावलेला. मे महिन्यातली आपली हवा इतकी कोरडी असते की नुसत्या बाष्पीभवनानं पाणी चारपाच अंशांनी उतरतं. पाणी आटतं, ते रोज भरावं लागतं. बर्फाचे खडे टाकू नका, अचानक गारव्यानं प्राणी हबकतो. गोठवलेली पाण्याची बाटली अर्ध्या तासासाठी एका कोपऱ्यात तरंगत ठेवा आणि काढा. थर्मामीटर मात्र हवाच. हात बुडवून "गार आहे की" म्हणणं हा ४६ अंशांत राहणाऱ्या माणसाचा अंदाज आहे, बेडकाचा नाही.

खरी गोम पुढे आहे. नवतपा निभावला की लोक सुटकेचा श्वास टाकतात, पण बेडकासाठी सर्वांत वाईट काळ त्यानंतरचा, पाऊस दारात येऊन थांबलेला असतो तेव्हाचा. हवेत दमटपणा वाढतो, कूलर निकामी होतो हे आपल्याला कळतं, टाकीवरचा पंखाही त्याच कारणानं निकामी होतो. पारा ४२ वर असतो आणि वादळी वाऱ्यानं दिवे जातात. त्या दिवसांसाठी फ्रीजरमध्ये गोठवलेल्या बाटल्या तयार ठेवाव्या लागतात आणि दुपारी घरी कुणीतरी असावं लागतं. नोकरीवाल्या जोडप्यानं हा विचार आधी करावा. आमच्याकडे आई होती म्हणून जमलं. ती सुरुवातीला नाक मुरडायची, नंतर आपणहून बाटल्या बदलायला लागली, वर त्यांच्याशी बोलायलाही.

दोघांपैकी छोटा, म्हणजे नर, अशाच दिवसांत गेला. संध्याकाळची वेळ, उकडत होतं म्हणून कूलर पाण्याशिवाय नुसता पंख्यासारखा चालू होता. गल्लीत डासांसाठी धुराची गाडी आली. खिडकीतला कूलर बाहेरची हवा आत ओढतो, तेच त्याचं काम. दोन मिनिटांत खोली धुरानं भरली. आम्ही खोकत बाहेर आलो, मग कूलर बंद केला. टाकीतला हवेचा पंप मात्र चालूच राहिला, आणि तो खोलीतलीच हवा पाण्यात सोडत असतो. रात्रभर छोटा तळाशी पाय ताणून पडलेला, मध्येच झटके द्यायचा. सकाळी पाणी बदललं, दुपारी तो मेला. मादी वाचली. कारण धूरच, असं मी शपथेवर सांगणार नाही, कारण तपासणी केली नाही. पण धुरणीत आणि आपल्या प्लगमधल्या डासांच्या औषधात जी कीटकनाशकं असतात, त्यांतली पायरेथ्रॉइड कुळातली औषधं माणसाला फारशी बाधत नाहीत, तरी मासे आणि बेडूकमाशांच्या जिवावर फार लवकर उठतात, एवढं पक्कं ठाऊक आहे.

डास मारायचेच आहेत, डेंग्यू काही गमतीची गोष्ट नाही, गाडीला दोष देऊन उपयोग नाही. आपण काय करायचं ते सांगते. गाडीचा आवाज आला की पहिल्यांदा हवेचा पंप बंद, मग कूलर बंद, खिडक्या बंद, टाकीवर प्लास्टिकचा कागद. धूर विरला की अर्ध्या तासानं सगळं उघडायचं. ज्या खोलीत बेडूक, त्या खोलीत प्लग, कॉइल, झुरळांचा स्प्रे, रूम फ्रेशनर, फिनाइलची फरशी काहीच नाही. आपण मच्छरदाणीत झोपायचं. घरात हे शक्य नसेल, म्हातारं माणूस किंवा तान्हं मूल असेल, तर बेडूक आणू नये. यात तडजोडीची जागा मला तरी सापडलेली नाही.

खाण्याचं त्यामानानं सोपं, पण किळस असलेल्यांसाठी नाही. जमिनीवरचे बेडूक हलणारं तेवढंच खातात. जिवंत किडे लागतात, रातकिडे, गांडुळं, पाळलेली झुरळं. घरातली झुरळं देऊ नका, शेजाऱ्यानं मारलेला स्प्रे त्यांच्या पोटातून बेडकाच्या पोटात जातो. कामठीत रातकिडे विकत मिळत नाहीत. अंड्यांच्या ट्रेमध्ये घरीच वाढवावे लागतात. त्यांना वास येतो, आणि नर रात्रभर गातात. "लोक रातकिडे घालवायला औषध मारतात, तुम्ही पाळता," हे आईचं वाक्य मला मान्य आहे. किडे देण्याआधी त्यांना भाजी-गाजर खाऊ घाला आणि आठवड्यातून एकदोनदा कॅल्शियम व ड-जीवनसत्त्वाची पूड लावून द्या, नाहीतर बेडकाची हाडं मऊ पडतात, जबडा वाकडा होतो. किडा बेडकाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. झेनोपसला गोळी-खाद्य चालतं, गांडुळं आवडतात. चिकनचे तुकडे रोज नकोत. वाढलेल्या बेडकाला आठवड्यातून दोनतीनदाच खायला लागतं, रोज नाही. बेडूक नेहमी भुकेलाच दिसतो. तो त्याचा चेहरा आहे.

हिवाळा आपल्याला विसरायला होतो. नागपूरकडे डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहाच्या खाली येतो. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानं पॅकमॅन घेतला आणि थंडीत टाकीच्या तळाखाली गरम चटई लावली. हा बेडूक मातीत पुरून घेणारा. गरम वाटलं की तो आणखी खाली जातो, कारण रानात खाली गारवा असतो. इथं खाली चटई होती. पोटाची कातडी भाजली. चटई लावायचीच तर बाजूच्या काचेला, थर्मोस्टॅटसह. खाली ओलसर कोकोपीट घाला. खडे, वाळू नको, खाण्याबरोबर गिळले की आतडं अडतं.

कातडी सोलून निघते आणि बेडूक ती स्वतःच खातो, ते पाहून घाबरू नका. घाबरायचं ते मांड्या-पोट लाल झाले, अंग फुगलं, डोळ्यांवर सायीसारखं आलं किंवा आठवडाभर खाणं बंद झालं तर. बेडूक पाहणारे पशुवैद्य थोडे असतात. आपल्याला त्यातल्या त्यात जवळ म्हणजे नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय, सेमिनरी हिल्सला. बेडूक आजारी पडल्यावर नव्हे, विकत घ्यायच्या आधी तिथं विचारून ठेवा.

लहान मुलांसाठी एक गोष्ट. भेकाला हात लावला की चामखीळ येते हे खोटं. चामखीळ विषाणूमुळे येते, ती माणसाकडून माणसाला. पण बेडकांच्या अंगावर आणि टाकीच्या पाण्यात साल्मोनेला जिवाणू असू शकतो हे खरं. अमेरिकेत २००९ ते २०११ या काळात मत्स्यालयातल्या बुटक्या आफ्रिकी बेडकांमुळे ४२ राज्यांत २४१ जण आजारी पडले, त्यांत बहुतेक लहान मुलं. तेव्हा टाकीचं कुठलंही सामान स्वयंपाकघराच्या ओट्यावर धुवायचं नाही, आणि हात दोनदा धुवायचे. बेडकाला हात लावण्याआधी नुसत्या पाण्यानं, नंतर साबणानं. पाच वर्षांखालच्या मुलाला फक्त बघू द्या.

कागदपत्रांचं थोडक्यात. परदेशी प्राण्यांपैकी जे सायटिसच्या यादीत आहेत, उदाहरणार्थ रंगीबेरंगी विषारी बाणबेडूक, त्यांची नोंदणी २०२२ च्या कायदादुरुस्तीनंतर बंधनकारक झाली आहे. २०२४ च्या नियमांप्रमाणे ती 'परिवेश' पोर्टलवर करायची असते. झेनोपस आणि पॅकमॅन त्या यादीत नाहीत, तरी पक्कं बिल मागा. बिल देत नसेल त्या दुकानातून काहीही जिवंत घेऊ नका. कुणाकडे आपला रानातला प्राणी कोंडलेला दिसला तर वनखात्याचा 'हॅलो फॉरेस्ट' क्रमांक १९२६ आहे.

हे सगळं ऐकल्यावर पोट्टी हिरमुसतात. मग मी त्यांना बेडूक ठेवण्याचा दुसरा मार्ग सांगते, ज्याला टाकी लागत नाही. आपल्या भागात बाथरूममध्ये, माठाखाली, कूलरच्या टाकीत जो तपकिरी, मोठ्या डोळ्यांचा झाडबेडूक येतो, त्याला हाकलू नका, एवढंच. पावसाळ्यात त्याची मादी पाण्याच्या वर, भिंतीला किंवा पानाला, साबणाच्या फेसासारखा पांढरा गोळा चिकटवते. लोक झाडूनं काढून टाकतात. तो फेस म्हणजे अंडी. काही दिवसांनी त्यातून बेडूकमासे टपटप खालच्या पाण्यात पडतात आणि दोनेक महिन्यांत बेडूक होऊन निघून जातात. धुण्याच्या हौदावर असा गोळा दिसला तर त्या हौदात तेवढे दिवस ब्लीचिंग पावडर टाकू नका. डासांची काळजी वाटत असेल तर वरून बारीक जाळी लावा, पण गप्पी सोडू नका, त्या लहान बेडूकमाशांना टोचून खातात. पिल्लांना पाय फुटू लागले की जाळी थोडी बाजूला करायची आणि आत एक खरखरीत वीट तिरपी ठेवायची, अर्धी पाण्यात, अर्धी बाहेर. पाय फुटलेलं पिल्लू पाण्यातच अडकलं तर बुडून मरतं. कूलर सप्टेंबरात काढून ठेवण्याआधी टाकीत टॉर्च मारून बघा. कपडे धुणाऱ्या मावशींना आधी सांगून ठेवा, नाहीतर वीट पहिल्याच दिवशी बाहेर काढून ठेवलेली सापडते.